अमली पदार्थांचे बळी किती? आकड्यातली नोंद आणि नोंदीबाहेरचे मृत्यू

नवी दिल्ली : अमली पदार्थांच्या अतिमात्रेमुळे २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत देशात २,३२४ जणांचा मृत्यू झाल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाकडे (एनसीआरबी) आहे. २०१७ मध्ये ७४५, २०१८ मध्ये ८७५ आणि २०१९ मध्ये ७०४ मृत्यू नोंदले गेले. २०२२ मध्ये ही संख्या ६८१ होती. याच्या शेजारी अन्य देशांचे आकडे ठेवले की फरक डोळ्यांत भरतो. सुमारे ६ कोटी लोकसंख्येच्या इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२३ या एकाच वर्षात औषधे व अमली पदार्थांच्या विषबाधेने झालेल्या ५,४४८ मृत्यूंची नोंद झाली. अमेरिकेत त्याच वर्षी १,०५,००७ मृत्यू झाले.

दरांची भाषा वापरली तर इंग्लंड आणि वेल्समध्ये दर १० लाख लोकांमागे ९३ मृत्यू झाले. भारतात हे प्रमाण १० लाखांमागे एकाहूनही कमी येते. यावरून भारतात अमली पदार्थ शेकडो पटींनी कमी घातक आहेत, असा निष्कर्ष कोणी काढू शकेल. परंतु हा निष्कर्ष काढण्याआधी एक मूलभूत प्रश्न विचारावा लागतो. एखादा मृत्यू अमली पदार्थाने झाला, हे कोण ठरवते, कशाच्या आधारे ठरवते आणि त्याची नोंद कोणत्या रकान्यात होते? या प्रश्नाचे उत्तर देशागणिक वेगळे आहे आणि आकड्यांमधील तफावतीचा मोठा भाग त्या उत्तरात दडलेला आहे.

सेवन करणारे किती?

भारतातील सेवनाचा आवाका सांगणारी सर्वांत मोठी पाहणी केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय व्यसनाधीनता उपचार केंद्रामार्फत केली. तिचा अहवाल फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वर्षे वयोगटातील २.०६ टक्के, म्हणजे सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफूजन्य किंवा अफूसारखा परिणाम करणारे पदार्थ घेत होते. शास्त्रीय परिभाषेत या पदार्थांना 'ओपिऑइड' म्हणतात. अफू, मराठीत 'गर्द' आणि पंजाबात 'चिट्टा' म्हणून ओळखले जाणारे हेरॉइन, तसेच नशेसाठी वापरल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या, इंजेक्शने व कोडीनयुक्त खोकल्याची औषधे या गटात मोडतात. सुमारे ७७ लाख लोकांचे सेवन हानिकारक किंवा पूर्ण अवलंबित्वाच्या पातळीवर पोहोचलेले होते. त्यांपैकी पूर्णपणे अवलंबून असलेल्यांची संख्या सुमारे २८ लाख होती, तर शिरेत सुई टोचून नशा करणाऱ्यांची संख्या सुमारे साडेआठ लाख होती.

आता या संख्येशी मृत्यूंची सांगड घालून पाहिली, तर २८ लाख व्यसनाधीनांमागे वर्षाला सुमारे ७७५ नोंदलेले मृत्यू, म्हणजे दर १० हजारांमागे तीनहून कमी, असे प्रमाण निघते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात ओपिऑइडवर अवलंबून असलेल्या दर १० हजार व्यक्तींमागे वर्षाला सुमारे ६५ अतिमात्रेचे मृत्यू आढळले होते. ही तुलना जशीच्या तशी लावता येत नाही. ते अभ्यास मुख्यतः श्रीमंत देशांतील होते आणि त्यांत हेरॉइन टोचून घेणाऱ्यांचे प्रमाण मोठे होते. भारतात अफू किंवा डोडा तोंडावाटे घेणारे, हेरॉइन धुराच्या रूपाने ओढणारे लोकही बरेच आहेत आणि या पद्धतींत अचानक मृत्यूचा धोका तुलनेने कमी असतो. तरीही वीस पटींहून अधिक असलेली ही दरी केवळ सेवनाच्या पद्धतीने भरून निघणे कठीण आहे.

पोलीस ठाण्यातून निघणारा आकडा

भारतातील आकडा 'भारतातील अपघाती मृत्यू आणि आत्महत्या' या एनसीआरबीच्या वार्षिक अहवालातून येतो. हा अहवाल आरोग्य यंत्रणेचा नाही, पोलिसांच्या नोंदींचा आहे. कोणाचा संशयास्पद, अपघाती किंवा अनैसर्गिक मृत्यू झाल्यास पोलीस 'अकस्मात मृत्यू' अशी नोंद करतात, पंचनामा करतात आणि मृतदेह शवविच्छेदनासाठी पाठवतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली ही चौकशी होत असे. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. ठाण्यातील नोंद जिल्ह्याकडे, तेथून राज्याच्या गुन्हे नोंदणी विभागाकडे आणि शेवटी दिल्लीला जाते.

या साखळीत मृत्यू शिरण्यासाठी पहिली अट म्हणजे पोलिसांना तो कळला पाहिजे. एखादा तरुण घरात रात्री झोपेत गेला आणि कुटुंबाने 'हृदयविकाराचा झटका' असे सांगून अंत्यसंस्कार उरकले, तर तो मृत्यू या आकड्यात कधीच येत नाही. अमली पदार्थ आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ कायदा, १९८५ (एनडीपीएस) खाली सेवन हाही गुन्हा आहे. घरात पोलीस येतील, मृताची आणि घराण्याची बदनामी होईल, बहिणीच्या लग्नात अडचण येईल, ही भीती कुटुंबाला गप्प बसवण्यास पुरेशी ठरते.

दुसरी अट शवविच्छेदनाची आणि तिसरी प्रयोगशाळेची. अतिमात्रेने झालेला मृत्यू देहावर ठळक खूण ठेवत नाही. फुप्फुसांत पाणी साचलेले आढळते, पण ते इतर अनेक कारणांनीही साचते. त्यामुळे डॉक्टर जठर, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग आणि रक्त राखून ठेवतात व मृत्यूच्या कारणाविषयीचे मत राखून ठेवतात. हा 'व्हिसेरा' न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो. तेथील अहवाल येण्यास अनेकदा महिने लागतात. तोवर वर्षाचा हिशेब पूर्ण होऊन ठाण्यातील नोंद अन्य रकान्यात गेलेली असू शकते. याच अहवालात 'आकस्मिक मृत्यू' या शीर्षकाखाली २०२२ मध्ये ५६ हजारांहून अधिक मृत्यू दाखवले आहेत. त्यांत हृदयविकाराच्या मृत्यूंचा वाटा मोठा आहे. 'कारण अज्ञात' असाही एक रकाना आहे. अतिमात्रेचे काही मृत्यू या रकान्यांत जाऊन बसणे यंत्रणेची रचना पाहता अगदी शक्य आहे.

राज्यांच्या क्रमवारीचा अर्थही याच प्रकाशात लावावा लागतो. २०१७ ते २०१९ या काळात राजस्थान ३३८ मृत्यूंसह पहिल्या, कर्नाटक २३९ मृत्यूंसह दुसऱ्या आणि उत्तर प्रदेश २३६ मृत्यूंसह तिसऱ्या क्रमांकावर होते. २०२२ मध्ये पंजाब १४४ मृत्यूंसह पहिल्या, राजस्थान ११७ सह दुसऱ्या आणि मध्य प्रदेश ७४ सह तिसऱ्या क्रमांकावर आले. इतक्या कमी काळात क्रमवारी अशी बदलते, तेव्हा प्रत्यक्ष मृत्यूंतील बदलाइतकाच नोंद घेण्यातील बदलही कारणीभूत असू शकतो. ज्या राज्यात विषय चर्चेत असतो, तेथे डॉक्टर आणि पोलीस दोघेही त्या शक्यतेकडे अधिक लक्ष देतात आणि आकडा वाढतो. वाढलेला आकडा म्हणजे वाढलेली समस्या, असे दर वेळी मानता येत नाही. कधी तो सुधारलेल्या नोंदीचाही पुरावा असतो.

आरोग्य यंत्रणेचा दाखला

मृत्यूच्या कारणांची दुसरी नोंद जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ खाली होते. डॉक्टरने विहित नमुन्यात मृत्यूचे तात्कालिक कारण आणि त्यामागील मूळ कारण लिहायचे असते. मूळ कारणाला जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणातील सांकेतिक क्रमांक दिला जातो. अडचण अशी, की देशातील बहुसंख्य मृत्यूंना असे वैद्यकीय प्रमाणपत्र मिळतच नाही. २०२० मध्ये नोंदणी झालेल्या सुमारे ८१ लाख मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होते. उरलेल्या तीन चतुर्थांशांहून अधिक मृत्यूंच्या कारणांविषयी ही यंत्रणा काही सांगू शकत नाही.

प्रमाणपत्र असले तरी त्यात काय लिहिले आहे, यावर सारे अवलंबून राहते. श्वसन थांबले, हृदयक्रिया बंद पडली, असे लिहिणे म्हणजे मृत्यूचे कारण सांगणे नव्हे, कारण प्रत्येक मृत्यूत अखेरीस हेच घडते. श्वसन कशामुळे थांबले, हे लिहिले तरच तो मृत्यू आकडेवारीच्या उपयोगाचा ठरतो.

पदार्थ कोणता?

रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत अमली पदार्थांच्या विषबाधेसाठी 'टी ४०' हा गट आहे. त्यात अफू टी ४०.०, हेरॉइन टी ४०.१, मॉर्फिन-कोडीनसारखी अन्य ओपिऑइड टी ४०.२, मेथाडोन टी ४०.३, फेंटानिलसारखी कृत्रिम ओपिऑइड टी ४०.४ आणि कोकेन टी ४०.५ असे उपविभाग आहेत. झोपेच्या व शामक गोळ्यांसाठी आणि मेथअँफेटामिनसारख्या उत्तेजकांसाठी स्वतंत्र क्रमांक आहेत. विषबाधा अपघाती होती, हेतुपुरस्सर होती की हेतू ठरवता आला नाही, हे सांगणारे क्रमांक आणखी वेगळे.

या बारीक विभागणीमुळेच २०२३ मधील अमेरिकेतील १,०५,००७ मृत्यूंपैकी ७२,७७६ मृत्यूंत मुख्यतः फेंटानिल असलेल्या कृत्रिम ओपिऑइडचा संबंध होता, हे सांगता येते. इंग्लंड आणि वेल्समधील ५,४४८ मृत्यूंपैकी २,५५१ मृत्यूंच्या दाखल्यांवर ओपिएट गटातील पदार्थांचा उल्लेख होता. कोकेनचा उल्लेख असलेले मृत्यू एका वर्षात ८५७ वरून १,११८ वर गेले. 'नायटाझिन' नावाच्या, हेरॉइनपेक्षा कितीतरी तीव्र अशा नव्या कृत्रिम ओपिऑइडचे मृत्यू ३८ वरून ५२ झाले. संख्या लहान असली तरी बाजारात नवे विष शिरल्याची ती अधिकृत खूण होती.

अशा तक्त्यांतील आकड्यांची बेरीज करू नये, हा ते वाचण्याचा पहिला नियम. एका मृत्यूच्या दाखल्यावर हेरॉइन, मद्य आणि शामक गोळ्या या तिन्हींचा उल्लेख असेल, तर तो मृत्यू तिन्ही ओळींत मोजला जातो. स्कॉटलंडमध्ये २०२० साली अमली पदार्थांच्या गैरवापराने १,३३९ मृत्यू झाले आणि त्यांपैकी ९३ टक्के मृत्यूंत एकाहून अधिक पदार्थ शरीरात आढळले. एकच एक पदार्थ दोषी, ही कल्पना प्रत्यक्षात क्वचितच खरी ठरते. ओपिऑइड मेंदूतील श्वसनकेंद्राला मंद करतात. मद्य आणि शामक गोळ्या तेच काम वेगळ्या मार्गाने करतात. एकट्याने सोसली गेली असती अशी मात्रा दुसऱ्याच्या सोबतीने जीवघेणी होते.

दुसरी खबरदारी प्रयोगशाळेशी संबंधित आहे. हेरॉइनचे शरीरात काही मिनिटांत विघटन सुरू होते आणि शेवटी मॉर्फिन उरते. त्यामुळे मृताच्या रक्तात मॉर्फिन सापडले, तर ते हेरॉइनचे की वेदनाशामक औषधाचे, हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही. म्हणूनच ब्रिटनच्या आकडेवारीत हेरॉइन आणि मॉर्फिन एकत्र मोजले जातात. शिवाय पदार्थ सापडणे म्हणजे त्यानेच मृत्यू होणे नव्हे. रोज नशा करणाऱ्याच्या शरीराला जी मात्रा सवयीची असते, तीच मात्रा नवख्याचा जीव घेऊ शकते. उलट, पदार्थ न सापडणे म्हणजे तो नव्हताच, असेही नाही. प्रयोगशाळा जे शोधायला निघते, तेच तिला सापडते. फेंटानिल आणि नायटाझिनसारखे पदार्थ अत्यल्प प्रमाणातही मारक असतात आणि जुन्या रासायनिक चाचण्यांत ते निसटतात. त्यांच्यासाठी आधुनिक वर्णपटमापक यंत्रे आणि त्या पदार्थांचे संदर्भ-नमुने लागतात.

भारताच्या तक्त्यात हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण तेथे पदार्थाचा रकानाच नाही. 'अमली पदार्थांची अतिमात्रा' एवढ्या एका ओळीत सारे मृत्यू येतात. ते लिंगनिहाय आणि वयोगटनिहाय विभागलेले आहेत, पण ते हेरॉइनचे होते, टोचून घेतलेल्या औषधांचे होते, झोपेच्या गोळ्यांचे होते की महाराष्ट्रात 'एमडी' या नावाने पोलिसांच्या कारवायांत सातत्याने येणाऱ्या मेफेड्रोनचे होते, हे त्या तक्त्यातून कळत नाही. मेफेड्रोन २०१५ साली आणि ट्रामाडोल हे वेदनाशामक २०१८ साली एनडीपीएस कायद्याच्या कक्षेत आले. या निर्णयांनंतर त्या पदार्थांचे मृत्यू कमी झाले की वाढले, याचे उत्तर राष्ट्रीय आकडेवारीजवळ नाही.

वयोगटांचे गणित

२०१७ ते २०१९ मधील २,३२४ मृत्यूंची वयानुसार विभागणी अशी आहे : १४ वर्षांखालील ५५, १४ ते १८ वर्षे ७०, १८ ते ३० वर्षे ६२४, ३० ते ४५ वर्षे ७८४, ४५ ते ६० वर्षे ५५० आणि ६० वर्षांवरील २४१. यावरून ३० ते ४५ हा गट सर्वाधिक बाधित असल्याचे सांगितले गेले. ते खरे आहे, पण अपुरे आहे. १८ ते ३० हा गट १२ वर्षांचा आणि ३० ते ४५ हा १५ वर्षांचा आहे. वयाच्या एकेका वर्षामागे सरासरी काढली, तर पहिल्या गटात ५२ आणि दुसऱ्यातही जवळपास ५२ मृत्यू येतात. म्हणजे संख्येतील बराचसा फरक गटाच्या रुंदीचा आहे. देशात विशीतील लोकसंख्या चाळिशीतील लोकसंख्येहून मोठी असल्याने लोकसंख्येच्या प्रमाणात ३० ते ४५ या गटाचा दर काहीसा अधिकच राहील, मात्र केवळ संख्या पाहून दिसते तेवढे अंतर त्यात नाही. एकूण मृत्यूंपैकी ६० टक्के मृत्यू १८ ते ४५ या वयातील, म्हणजे घर चालवणाऱ्या आणि लहान मुले मागे ठेवून जाणाऱ्या माणसांचे आहेत, हा या तक्त्याचा अधिक भरवशाचा अर्थ होय.

१४ वर्षांखालील ५५ मुलांचा आकडा सर्वांत अस्वस्थ करणारा आहे आणि सर्वांत मुका. त्यांत घरातील मोठ्यांच्या गोळ्या चुकून गिळलेली बालके असतील, तर उपाय औषधे कडीकुलपात ठेवण्याचा आहे. सुवासिक द्रावणे वा चिकटवण्याचा पदार्थ हुंगणारी रस्त्यावरची मुले असतील, तर उपाय पूर्णतः वेगळा आहे. २०१९ च्या पाहणीत हुंगण्याच्या पदार्थांचे सेवन प्रौढांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वर्षे वयोगटात १.१७ टक्के, म्हणजे दुप्पट आढळले होते. पदार्थाचा रकाना नसल्याने या ५५ मृत्यूंपासून कोणता धडा घ्यायचा, हे ठरवता येत नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये अमली पदार्थांच्या गैरवापराने होणाऱ्या मृत्यूंचा सर्वाधिक दर आज ४० ते ४९ या वयोगटात आहे. तीस वर्षांपूर्वी तो याहून तरुण वयात होता. तीच पिढी, जिने तारुण्यात हेरॉइन धरले, वय वाढत गेले तशी आपला धोका सोबत घेऊन पुढे सरकली. दीर्घकाळच्या सेवनाने यकृत आणि फुप्फुसे खालावलेली असतात आणि पूर्वी सोसणारी मात्रा पुढे सोसत नाही. हे समजल्यामुळे तेथे धोरणाचा भर केवळ शाळा-महाविद्यालयांतील जागृतीवर न ठेवता मध्यमवयीन रुग्णांच्या उपचारांकडेही वळला. वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने ठेवलेल्या तक्त्याचा हा लाभ आहे.

स्त्रियांचे मृत्यू

जगभर या मृत्यूंत पुरुष अधिक असतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२३ मधील ५,४४८ मृत्यूंपैकी ३,६४५ पुरुष आणि १,८०३ स्त्रिया होत्या. अमेरिकेतही पुरुषांचा दर स्त्रियांच्या दुपटीहून अधिक आहे. भारतात २०२२ मधील ६८१ मृतांत ११६ स्त्रिया होत्या, म्हणजे सुमारे १७ टक्के.

हा वाटा वरवर लहान वाटतो. पण २०१९ च्या पाहणीनुसार ओपिऑइडचे सेवन पुरुषांत ४ टक्के आणि स्त्रियांत केवळ ०.२ टक्के होते, म्हणजे साधारण २० पुरुषांमागे एक स्त्री. मृत्यूंत मात्र पाच पुरुषांमागे एक स्त्री दिसते. याचे एक संभाव्य स्पष्टीकरण असे, की स्त्रियांच्या मृत्यूंत झोपेच्या गोळ्या व अन्य औषधांचा वाटा अधिक असावा. दुसरे असे, की घरोघरी जाऊन विचारणाऱ्या पाहणीत स्त्रिया सेवनाची कबुली देत नाहीत आणि त्यांचे व्यसन मृत्यूनंतरच उघड होते. दोन्ही स्पष्टीकरणे एकाच वेळी खरी असू शकतात. पहिले खरे असेल, तर औषधविक्रीवर आणि मानसिक आरोग्यावर लक्ष हवे. दुसरे खरे असेल, तर स्त्रियांना निर्भयपणे येता येईल अशी उपचार केंद्रे हवीत. पदार्थ, वय आणि लिंग यांचा एकत्रित तक्ता असता, तर यातील अधिक खरे कोणते, हे सांगता आले असते.

आकड्याच्या सीमेवरचे मृत्यू

अतिमात्रेचा मृत्यू हा अमली पदार्थांनी होणाऱ्या मृत्यूंचा केवळ एक भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ६ लाख मृत्यू अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित होते. त्यांपैकी जवळपास ८० टक्के ओपिऑइडशी संबंधित होते, पण ओपिऑइडच्या अतिमात्रेने झालेले मृत्यू त्यांच्या सुमारे एक चतुर्थांशच. उरलेले मृत्यू दूषित सुईतून आलेला एचआयव्ही, हेपटायटिस आणि त्यातून होणारे यकृताचे आजार यांसारख्या मार्गांनी होतात. मणिपूरसारख्या राज्यात, जेथे सुईने नशा करण्याचा इतिहास जुना आहे, हे मृत्यू संसर्गजन्य आजारांच्या किंवा यकृतविकारांच्या रकान्यात जातात.

आत्महत्यांचेही तसेच. एनसीआरबीच्या २०२१ च्या अहवालात देशातील १,६४,०३३ आत्महत्यांपैकी ६.४ टक्के, म्हणजे सुमारे साडेदहा हजार आत्महत्यांचे कारण अमली पदार्थ किंवा मद्याचे व्यसन असे नोंदले आहे. एका वर्षातील ही संख्या तीन वर्षांतील अतिमात्रेच्या नोंदलेल्या मृत्यूंच्या चौपटीहून अधिक आहे. इंग्लंड आणि वेल्सच्या ५,४४८ या आकड्यात औषधे घेऊन केलेल्या आत्महत्या समाविष्ट असतात. भारतात आत्महत्यांचा तक्ता वेगळा असतो. दोन देशांचे आकडे शेजारी ठेवताना हा फरक विसरला, तर तुलना चुकते.

वेळेचा फरकही ध्यानात घ्यावा लागतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये कॉरोनर, म्हणजे मृत्यूचौकशी अधिकाऱ्याची चौकशी संपल्याशिवाय असा मृत्यू नोंदवला जात नाही आणि तिला महिनोन्महिने लागतात. त्यामुळे एका वर्षात नोंदलेल्या मृत्यूंतील अनेक मृत्यू प्रत्यक्षात आदल्या वर्षी झालेले असतात. अमेरिकेत अंतिम आकड्याची वाट न पाहता तात्पुरते आकडे दर महिन्याला जाहीर होतात. तेथे २०२४ मध्ये मृत्यू सुमारे ८० हजारांपर्यंत घटल्याचे त्यातूनच लवकर कळले.

नोंदीने काय बदलते?

ओपिऑइडच्या अतिमात्रेवर उतारा आहे. नॅलॉक्सोन हे औषध वेळेत दिल्यास थांबत चाललेला श्वास काही मिनिटांत पूर्ववत होऊ शकतो. अशा प्रसंगी जवळ असण्याची शक्यता असलेल्या मित्रांना आणि कुटुंबीयांना हे औषध व त्याचे प्रशिक्षण मिळावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये केली. अमेरिकेत मार्च २०२३ पासून नाकात फवारण्याचे नॅलॉक्सोन डॉक्टरच्या चिठ्ठीविना विकण्यास परवानगी मिळाली. परंतु मेफेड्रोन, कोकेन किंवा हुंगण्याच्या पदार्थांवर नॅलॉक्सोनचा उपयोग होत नाही. म्हणून ते कोणत्या जिल्ह्यात, कोणाच्या हाती आणि किती ठेवायचे, हे ठरवण्यासाठी मृत्यू कोणत्या पदार्थाने झाले, हे कळणे अनिवार्य ठरते.

तीच गोष्ट सर्वाधिक धोक्याच्या काळाची. व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे अत्यंत घातक असतात. शरीराची सहनशक्ती घटलेली असते आणि जुनी मात्रा पुन्हा घेतली जाते. भारतीय नोंदीत मृत व्यक्ती अलीकडे उपचार घेऊन आली होती का, याचाही उल्लेख नसतो.

केंद्र सरकारने १५ ऑगस्ट २०२० रोजी २७२ जिल्ह्यांत 'नशामुक्त भारत अभियान' सुरू केले. हे जिल्हे सेवनाच्या पाहणीचे निष्कर्ष आणि अमली पदार्थ नियंत्रण विभागाची माहिती यांच्या आधारे निवडले गेले. त्यांत मृत्यूंची विश्वासार्ह जिल्हानिहाय, पदार्थनिहाय माहिती जोडली गेली असती, तर निवड अधिक नेमकी झाली असती. ही माहिती शून्यातून निर्माण करावी लागणार नाही. तिचा मोठा भाग शवविच्छेदनाच्या टिपणांत आणि प्रयोगशाळांच्या अहवालांत आजही लिहिला जातो. प्रयोगशाळेचा निष्कर्ष मृत्यूच्या मूळ नोंदीपर्यंत परत पोहोचावा आणि राष्ट्रीय तक्त्यात पदार्थाचा एक रकाना असावा, एवढी त्याची सुरुवात आहे.

तोपर्यंत वर्षाला सातशे हा आकडा देशातील अमली पदार्थांच्या मृत्यूंची किमान मर्यादा म्हणून वाचणे योग्य ठरेल. प्रत्यक्षातील संख्या त्याहून किती अधिक आहे, हे प्रत्येक नोंद पूर्ण होईल तसे उलगडत जाईल.

व्यसनमुक्तीसंबंधी मार्गदर्शनासाठी केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाची १४४४६ ही निःशुल्क राष्ट्रीय मदतवाहिनी उपलब्ध आहे. एखादी व्यक्ती हाका मारूनही जागी होत नसेल, श्वास मंदावला असेल, ओठ वा नखे निळसर पडली असतील, तर तिला एकटे न सोडता कुशीवर वळवावे आणि तत्काळ १०८ किंवा ११२ या क्रमांकावर संपर्क साधावा. स्वेच्छेने उपचार घेऊ इच्छिणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीला सेवनाच्या वा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगण्याच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये आहे.